सोंगापासून ‘डे’पर्यंत : सातारा व सांगली परिसरातील महाविद्यालयीन वेशांतराचा सांस्कृतिक विचार

प्रस्तावना

महाविद्यालयीन जीवनात वार्षिक स्नेहसंमेलनाला विशेष स्थान आहे. स्नेहसंमेलनाच्या आगेमागे येणारे ‘साडी डे’, ‘टाय डे’, ‘ट्रॅडिशनल डे’, ‘मिसमॅच डे’ यांसारखे दिवस आता ग्रामीण भागातील महाविद्यालयांतही रूढ झाले आहेत. पुण्या-मुंबईतील काही शाळा-महाविद्यालयांत आणि व्यापारी संकुलांत ३१ ऑक्टोबरच्या सुमारास ‘हॅलोविन’ साजरा होतो व भुताखेतांचे वेश करून तरुण एकत्र जमतात. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांतही वेशभूषेला महत्त्व आले आहे. एकाच रंगाच्या साड्या, फेटे किंवा शाळेचा जुना गणवेश घालून पन्नाशीतील मंडळी पुन्हा वर्गात बसतात, हजेरी देतात आणि प्रार्थना म्हणतात.

या प्रकारांविषयी समाजात दोन टोकाची मते आढळतात. एक मत त्यांना पाश्चात्यांचे अंधानुकरण मानते, तर दुसरे मत निरुपद्रवी करमणूक मानून विषय तेथेच संपविते. दोन्ही मते अपुरी आहेत. दुसऱ्याचा वेश घेणे ही मराठी समाजाची, त्यातही कृष्णाकाठच्या सातारा-सांगली परिसराची, जुनी व समृद्ध परंपरा आहे. या परंपरेने वेशांतराला मोकळीक दिली तसेच काही नियमही घालून दिले. त्या नियमांच्या आधारे आजच्या महाविद्यालयीन वेशांतराचा विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

उद्दिष्टे

१. सातारा व सांगली परिसरातील वेशांतराच्या परंपरांचा परिचय करून घेणे.
२. या परंपरांत अंतर्भूत असलेले संकेत स्पष्ट करणे.
३. महाविद्यालयीन ‘डे’ संस्कृतीचे व हॅलोविनचे या संकेतांच्या आधारे विवेचन करणे.
४. शैक्षणिक संस्थांनी घ्यावयाच्या दक्षतेची दिशा सुचविणे.

‘सोंग’ : संकल्पना

‘सोंग’ हा शब्द संस्कृतमधील ‘स्वांग’ या शब्दाशी जोडला जातो. मराठीत या शब्दाला दोन छटा आहेत. ‘सोंग घेणे’ म्हणजे एखाद्या देवतेचे, व्यक्तीचे किंवा प्राण्याचे रूप धारण करणे. ‘सोंग करणे’ किंवा ‘सोंग आणणे’ म्हणजे खोटे वागणे. पहिला अर्थ कलेचा व विधीचा आहे, दुसरा फसवणुकीचा. ‘रात्र थोडी सोंगे फार’ ही म्हण रात्रभर चालणाऱ्या सोंगांच्या खेळांची आठवण जपून आहे, तर ‘सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही’ या म्हणीत वेशांतराची मर्यादा सांगितली आहे. एकच शब्द कलेसाठी व कपटासाठी वापरला जातो याचा अर्थ असा, की सोंग कोणत्या परिस्थितीत घेतले आहे यावर त्याचे मूल्य ठरते.

नाशिक व पालघर जिल्ह्यांच्या आदिवासी भागातील ‘बोहाडा’ या उत्सवात मुखवटे घालून देवदेवतांची व राक्षसांची सोंगे नाचविली जातात. कोणते सोंग कोणी नाचवायचे याचे मान ठरलेले असतात. म्हणजे सोंग घेण्यास काळ, स्थळ व अधिकार यांची चौकट असते. अशीच चौकट निरनिराळ्या रूपांत दक्षिण महाराष्ट्रातही आढळते.

सांगली : नाटकाचे जन्मस्थान

सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ हा खेळ सांगलीत सादर केला. त्याआधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ संस्थानात झाले होते व तसे खेळ मराठीत व्हावेत ही प्रेरणा त्यांतून मिळाली. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार पदे गाई, विदूषक हसवी आणि गणपती, सरस्वती, देव, राक्षस ही पात्रे आपापल्या वेशात रंगभूमीवर येत. राक्षसांच्या आरडाओरड्यामुळे या नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ असे थट्टेचे नाव पडले. ५ नोव्हेंबर हा दिवस या प्रयोगाच्या स्मरणार्थ मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो आणि सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदकाने ज्येष्ठ रंगकर्मींचा सन्मान केला जातो.

नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचा जन्म १८७२ साली सांगलीत झाला, तर गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकात वेश महाभारतातील होते, परंतु प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन आणि द्रौपदीच्या जागी पारतंत्र्यातील भारत दिसत होता. ब्रिटिश सरकारने १९१० साली या नाटकावर बंदी घातली. पौराणिक वेशामागचे सत्य राज्यकर्त्यांनी ओळखले होते, याचा हा पुरावा होय. सोंग सामर्थ्यशाली असते. ते दुर्बलाच्या बाजूने बलवानाला प्रश्न विचारू शकते.

नारायणराव राजहंस तथा बालगंधर्व यांनी १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीतून मिरजेत शकुंतलेची भूमिका केली. पुढे त्यांच्या स्त्रीभूमिका इतक्या प्रमाण मानल्या गेल्या, की त्यांचे साडी नेसणे, केसांत फुले माळणे याचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. एका पुरुषाने स्त्रीचा वेश घेतला आणि स्त्रियांना त्यात आपली थट्टा न दिसता आपले देखणे रूप दिसले, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. स्नेहसंमेलनात मुलाला लुगडे नेसवून, पदराचा व चालण्याचा बीभत्सपणा करून हशा मिळविण्याचा प्रकार आजही आढळतो. वेश तोच आहे. बदलला आहे तो वेशातील व्यक्तीविषयीचा आदर.

लोकपरंपरेतील सोंगे

संत एकनाथांनी (१५३३–१५९९) आपल्या भारुडांतून वासुदेव, जोशी, गोंधळी, महार, आंधळा, बहिरा अशा अनेक व्यक्तींच्या तोंडून परमार्थ सांगितला. सोंगी भारुडात कलावंत त्या त्या व्यक्तीचा वेश घेऊन उभा राहतो. येथे वेश हलक्या मानल्या गेलेल्या माणसाचा असला तरी त्याच्या तोंडी येणारे शब्द ज्ञानाचे असतात. ऐकणाऱ्याने त्या माणसाला हसावे अशी योजना नसून त्याच्याकडून शिकावे अशी आहे.

बहुरूप्याची परंपरा यापेक्षा वेगळी आहे. बहुरूपी कधी पोलीस, कधी डॉक्टर, कधी सरकारी अधिकारी बनून दारात येतो, घरातल्यांना क्षणभर गडबडवितो आणि ओळख पटली की हसून धान्य किंवा पैसे मागतो. त्याची कला ही त्याची उपजीविका असते. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात बहुरूपी, वासुदेव, गोंधळी, जोशी, नंदीवाले या जमातींचा समावेश आहे. सहदेव भाडळींच्या नावाने भविष्य सांगणारा जोशी किंवा पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव हे शहरी वाचकाला ‘लोकसंस्कृतीचे’ प्रतीक वाटतात. परंतु त्या वेशामागे गावोगाव फिरणारे, जमिनीचा आधार नसलेले कुटुंब असते.

जत तालुक्यात व सीमाभागात यल्लम्मा देवीच्या भक्तीची परंपरा आहे. डोक्यावर जग घेतलेली जोगतीण, साडी नेसलेला जोगता ही या भागाला परिचित रूपे होत. यातील वेश हौसेचा नसतो. तो अनेकदा बालपणी देवाला वाहिल्याचे, दारिद्र्याचे व शोषणाचे चिन्ह असतो. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर आधारित ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटाने हे जीवन मराठी प्रेक्षकांपुढे आणले. देवदासी प्रथेच्या निर्मूलनासाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदाही केलेला आहे. पुढे जोगत्यांचे नृत्य अनेक स्नेहसंमेलनांत लोकप्रिय झाले. परंतु वेश व ताल आला, त्यामागचे दुःख मात्र पुष्कळदा मागे राहिले.

सोंगाचे चार संकेत

वरील परंपरांतून वेशांतराचे चार संकेत हाती येतात.

पहिला संकेत मर्यादित काळाचा आहे. सोंग ठरावीक वेळी सुरू होते व ठरावीक वेळी उतरविले जाते. दुसरा संकेत परस्पर जाणिवेचा आहे. बहुरूपी क्षणभर फसवितो, पण शेवटी ओळख देतो; पाहणाऱ्याला आपण सोंग पाहत आहोत हे कळते. तिसरा संकेत उत्तरदायित्वाचा आहे. ज्याचे सोंग घेतले त्याची बेअब्रू होणार नाही याची जबाबदारी सोंग घेणाऱ्यावर असते. चौथा संकेत दिशेचा आहे. उत्तम सोंग खालून वर पाहते. भारुडातील उपेक्षित व्यक्ती पंडिताला शहाणपण सांगते, बहुरूपी अधिकाऱ्याची नक्कल करतो, कीचकाच्या वेशात व्हाइसरॉय दिसतो. बलवानाने दुर्बलाचे सोंग घेऊन हसविले, की ती विटंबना होते.

हॅलोविन : उगम व प्रसार

हॅलोविनचा संबंध प्राचीन केल्टिक लोकांच्या ‘सॅव्हिन’ या हिवाळ्याच्या आरंभीच्या सणाशी जोडला जातो. ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरल्यावर त्याची पूर्वसंध्या म्हणून ३१ ऑक्टोबरला महत्त्व आले. १८४५ नंतर आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळामुळे लाखो लोक अमेरिकेत गेले व त्यांच्याबरोबर या प्रथेचा तेथे मोठा प्रसार झाला. विसाव्या शतकात मुलांनी वेश करून घरोघर खाऊ मागणे, भोपळे कोरणे आणि तयार पोशाखांची बाजारपेठ असे आजचे रूप घडले. वेश करून दारोदार जाण्यात बहुरूप्याशी आणि होळीच्या दिवसांत पोस्त मागत फिरणाऱ्या मुलांशी त्याचे साम्य आहे. त्यामुळे केवळ परदेशी म्हणून हॅलोविन नाकारणे तर्काला धरून नाही.

अमेरिकी विद्यापीठांतील अनुभव मात्र बोधप्रद आहे. तेथे विद्यार्थी मूळ अमेरिकी आदिवासी, मेक्सिकन, अरब किंवा कृष्णवर्णीय लोकांचे वेश करू लागले, तेव्हा त्या त्या समाजांतील विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतला. २०११ साली ओहायो विद्यापीठातील एका विद्यार्थी संघटनेने ‘आम्ही एक संस्कृती आहोत, पोशाख नव्हे’ या आशयाची भित्तिपत्रकांची मोहीम काढली. २०१५ साली येल विद्यापीठात हॅलोविनच्या वेशांबाबत विद्यार्थ्यांना दिलेल्या सूचनेवरून मोठा वाद झाला. संवेदनशीलता राखावी असे एका बाजूचे म्हणणे होते. तरुणांच्या वेशावर संस्थेने नियंत्रण ठेवू नये असे दुसऱ्या बाजूचे. वादाचे उत्तर काहीही असो, आपल्याच वर्गात बसणाऱ्या व्यक्तीची ओळख आपण पोशाख म्हणून वापरीत आहोत काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला. हाच प्रश्न आपल्या ‘ट्रॅडिशनल डे’लाही लागू पडतो.

भुताच्या वेशाचा सातारा-सांगलीशी आणखी एक संबंध आहे. सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर (जन्म १ नोव्हेंबर १९४५) यांचे शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात व मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाले. भूत, करणी, भानामती यांच्या भीतीविरुद्ध त्यांनी आयुष्यभर काम केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भुताची भीती घालणे आणि भुताचे सोंग घेऊन हसणे यांत मूलभूत अंतर आहे. उघडपणे घेतलेले सोंग भीती घालवू शकते. परंतु रात्री वसतिगृहात नवागताला फसवून घाबरविणे यात परस्पर जाणिवेचा संकेत मोडतो आणि तो प्रकार रॅगिंगमध्ये जमा होतो.

महाविद्यालयीन ‘डे’ : विश्लेषण

शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) कार्यक्षेत्रातील महाविद्यालयांत युवा महोत्सवाच्या निमित्ताने लोकनृत्य, मूकनाट्य, नकला, शोभायात्रा अशा प्रकारांचा सराव विद्यार्थी करतात. दिग्दर्शक, परीक्षक व नियम असल्यामुळे तेथे वेशामागे काही अभ्यास घडतो. ‘डे’चे स्वरूप त्याहून सैल असते. सकाळी वेश करायचा, छायाचित्रे काढायची आणि दुपारी घरी जायचे. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रामुळे पहिला संकेतही आता टिकत नाही. सोंग उतरविले तरी त्याचे चित्र वर्षानुवर्षे फिरत राहते व पाहणाऱ्याला त्यावेळचा संदर्भ ठाऊक नसतो.

‘ट्रॅडिशनल डे’ला काही विद्यार्थी मावळ्याचा किंवा वारकऱ्याचा वेश करतात, काही पोतराज, वासुदेव, नंदीवाला, आदिवासी किंवा फाटक्या कपड्यातील भिकारी होतात. पहिल्या प्रकारातील वेश अभिमानाने घेतले जातात. दुसऱ्या प्रकारात बहुधा हसू अपेक्षित असते. अशा वेळी प्रेक्षकांत पोतराजाचा मुलगा किंवा नंदीवाल्याची मुलगी बसलेली असण्याची शक्यता सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांत मुळीच कमी नाही. घरातील पहिली पदवी घेण्यासाठी आलेल्या त्या विद्यार्थ्याने ज्या वेशापासून दूर जाण्यासाठी शिक्षण पत्करले, तोच वेश टाळ्यांच्या गजरात त्याच्यासमोर येतो. तो बहुधा तक्रार करीत नाही. हसणाऱ्यांबरोबर हसतो किंवा पुढच्या वर्षी त्या दिवशी महाविद्यालयात येत नाही.

या वेशाचे जगातील वास्तव त्याहून कठोर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी असल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांची जमावाने हत्या केली. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातील लवंगा येथे उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना अशाच संशयावरून मारहाण झाली. पूर्वी ओळखीचा असलेला भटक्याचा वेश आता अनोळखी व म्हणून संशयास्पद ठरू लागला आहे. ज्या वेशात विद्यार्थ्याला टाळ्या मिळतात, त्याच किंवा तशाच वेशात भटक्या माणसाच्या जिवाला धोका निर्माण होतो. ही विसंगती शिक्षणसंस्थांनी लक्षात घेणे अत्यावश्यक आहे.

दुसरा प्रश्न आर्थिक आहे. नऊवारी, दागिने, फेटा, कोट भाड्याने आणण्याचा खर्च खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थिनीला परवडेलच असे नाही. पैशाचे सोंग आणता येत नाही ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. एका छताखाली राहणे, एका पंक्तीत जेवणे व श्रम करून शिकणे हा त्यामागचा विचार होता. जात व गरिबी कपड्यांवरून ओळखू येऊ नये, हा त्याचा स्वाभाविक परिणाम होता. त्याच भूमीत वेशाच्या निमित्ताने पुन्हा उंच-नीच दिसू लागणे उचित नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातील गणवेशाचे स्वरूप याहून निराळे आहे. तेथे घेतलेले सोंग स्वतःच्याच पूर्वायुष्याचे असते. त्यात कोणाचीही ओळख उसनी घेतलेली नसते. अधिकारी, शेतकरी, गवंडी, गृहिणी असे सर्वजण काही तासांपुरते पुन्हा समान होतात. मात्र त्या काळी गणवेश नसल्यामुळे वर्गाबाहेर उभा राहणारा सोबती या मेळाव्याला आला आहे काय, याची विचारपूस झाली तर त्या गणवेशाला खरा अर्थ येईल.

वेशाचे शैक्षणिक सामर्थ्यही नाकारता येत नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. दरवर्षी या दिवशी असंख्य शाळांत मुली सावित्रीबाईंच्या वेशात येतात व त्यांच्या कार्याविषयी बोलतात. वेश घेण्यापूर्वी मुलीला त्या व्यक्तीविषयी काही वाचावे लागते. वेश उतरविल्यावरही त्यातील काही भाग तिच्याजवळ राहतो. चारही संकेत पाळणाऱ्या वेशांतराचे हे सर्वांना परिचित उदाहरण होय.

कायदेशीर बाजू

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंग प्रतिबंधक विनियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली. वर्ण, वंश, धर्म, जात, लिंग (तृतीयपंथीयांसह), लैंगिक कल, दिसणे, प्रादेशिक मूळ, भाषा, निवासस्थान किंवा आर्थिक पार्श्वभूमी यांवरून विद्यार्थ्याला दिलेला शारीरिक वा मानसिक त्रास रॅगिंगमध्ये समाविष्ट करण्यात आला. एखाद्यास विशिष्ट वेश करण्यास भाग पाडणे किंवा त्याच्या जातीचे अथवा लिंगभावाचे सोंग करून त्याला लक्ष्य करणे हे त्यामुळे केवळ अभिरुचीचे प्रश्न उरत नाहीत. तथापि प्रत्येक सोंगाला नियमांची भीती घालणे हा उपाय नव्हे. नियम शेवटचा आधार असतो; त्याआधी समज निर्माण करणे हे शिक्षकाचे काम आहे.

निष्कर्ष व सूचना

१. वेशांतर ही सातारा-सांगली परिसराची स्वतःची परंपरा आहे. हॅलोविन किंवा ‘डे’ यांचे मूल्यमापन देशी-परदेशी या कसोटीवर न करता काळ, जाणीव, उत्तरदायित्व व दिशा या संकेतांवर करावे.
२. सांस्कृतिक समितीने वेश निवडणाऱ्या विद्यार्थ्याला ‘हा वेश कोणाचा, तो कशासाठी घालतो आणि तो येथे बसला असता तर त्याला काय वाटले असते’ एवढे तीन प्रश्न विचारावेत.
३. वेशाची सक्ती, वेश न करणाऱ्यास दंड किंवा थट्टा पूर्णपणे टाळावी. महाविद्यालयाने साध्या साहित्याचा सामाईक संग्रह ठेवल्यास खर्चाचा प्रश्न कमी होईल.
४. ५ नोव्हेंबर या मराठी रंगभूमी दिनी बहुरूपी, वासुदेव, भारूडकार यांना योग्य मानधन देऊन पाहुणे म्हणून निमंत्रित करावे. ज्याचा वेश आपण घेतो, त्याच्याच तोंडून त्या वेशाची हकीकत विद्यार्थ्यांनी ऐकावी.
५. स्त्रीवेश व तृतीयपंथीयांचे चित्रण करताना बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकेला दिलेली प्रतिष्ठा हा आदर्श समोर ठेवावा.

दुसऱ्याच्या वेशात उभे राहिल्याने दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याची सवय लागते, हे सोंगाचे मोठे शैक्षणिक मूल्य होय. ते मूल्य महाविद्यालयाने जोपासले, तर भटक्या-विमुक्तांच्या मुलालाही स्नेहसंमेलनाच्या दिवशी निःसंकोचपणे पहिल्या रांगेत बसता येईल.